टँक आज, मासे सहा आठवड्यांनी



मागच्या वर्कशॉपला एक पेट-शॉपवाला आला होता. चहाच्या ब्रेकमध्ये मला म्हणाला, "सर, मरीन टँक घेणारं गिऱ्हाईक दोन महिन्यांत टँक बंद करून टाकतं. रिपीट सेल होतच नाही. मार्केटिंग काय करू?"

मी उलट विचारलं, "टँक दिल्यावर मासे कधी देतोस?"

"त्याच दिवशी. गिऱ्हाईक गाडी घेऊनच आलेलं असतं ना!"

आता सांगा, हा प्रॉब्लेम मार्केटिंगचा आहे का?

मी त्याला हसलो नाही, कारण मीही हेच केलंय. दुकान उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. एका काकांच्या नव्या फ्लॅटची रविवारी वास्तुशांत. शुक्रवारी तीन फुटी टँक बसवला, मीठ घालून पाणी तयार केलं. शनिवारी रात्री दोन क्लाउनफिश, चार डॅमसेल आणि एक पिवळा टँग सोडला. (तीन फुटांत टँग ठेवणं हीच मुळात चूक, पण तेव्हा मला बिलाचा आकडा दिसत होता.) रविवारी पाहुण्यांनी फोटो काढले, माझं कार्ड मागितलं. बुधवारी सकाळी काकांचा फोन. टँग गेला होता. पुढच्या शनिवारपर्यंत एक डॅमसेल सोडला तर टँक रिकामा.

काका एकच गोष्ट विचारत राहिले, "अरे, पाणी तर आरशासारखं स्वच्छ आहे, मग मेले कशाने?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. पुन्हा दुकानातही आले नाहीत. काही महिन्यांनी एका कामासाठी त्या घरी गेलो तेव्हा टँकमध्ये प्लास्टिकची फुलं ठेवली होती.

उत्तर तसं सोपं आहे. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं सडून त्यात भर पडते. पाण्यात मिसळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यात समुद्री टँकचा पीएच 8.1 ते 8.4, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. समुद्रात आणि जुन्या टँकमध्ये हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू मुख्यतः दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या मीडियावर चिकटून वाढतात. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच. ही वस्ती तयार होण्याला आपण 'सायकल' म्हणतो.

घरी दही लावता तसं समजा. विरजण लावलं तरी रात्रभर थांबावं लागतं, दर तासाला ढवळून दही लवकर लागत नाही. फरक एवढाच की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. रात्रीच्या जागी चार ते सहा आठवडे.

मी आता काय करतो ते सांगतो. पाणी आरओ-डीआयचं, नळाचं नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. चौपाटीवरून कॅन भरून आणणारेही भेटतात, पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही उतरते. दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे ग्रॅव्हिटी 1.025च्या आसपास. तापमान 25-26 अंश. आपल्याकडे मे महिन्यात हीटरपेक्षा पंख्याची आणि चिलरची काळजी जास्त! मग पंप चालू करून मासे नसताना अमोनियम क्लोराइडने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत न्यायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करायची. अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. मध्येच दगडांवर तपकिरी थर येतो. गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, पण ते डायटम असतात, आपोआप जातात. शेवटी 2 पीपीएम अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टँक तयार. मोठं पाणी बदलायचं, मग एक-दोन मासे. सगळे एकदम नाहीत.

बाटलीतले जिवाणू? चांगले असतील तर दिवस वाचतात. पण टँक तयार आहे की नाही हे बाटलीवरचं लेबल नाही, टेस्ट किट ठरवतं. आणि "डॅमसेल स्वस्त आहेत, त्यांच्यावर सायकल करा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ते बरेचदा तगतात, पण विषात राहून. वर टँक त्यांचा झाला की पुढे आलेल्या प्रत्येक माशाला मारतात.

एक गोष्ट दुकानदारांसाठी. सायकल लवकर होईल म्हणून कोणी आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे 'लाइव्ह रॉक' म्हणून आणून दिले, तर हात लावू नका. प्रवाळाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रघोड्यालाही. मी सिरॅमिकचा दगड वापरतो.

आता धंद्याचं. बीबीएला शिकलो होतो की आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवू नये. मी पाठवतही नाही. पहिल्या बिलात टँक, पंप, मीठ, टेस्ट किट. माशांची रक्कम शून्य. मग गिऱ्हाईक दर आठवड्याला पाण्याची छोटी बाटली घेऊन येतं, मी फुकट टेस्ट करून देतो, आकडे वहीत लिहितो. सहा आठवड्यांत ते पाच-सहा वेळा दुकानात येतं, स्वतः टेस्ट करायला शिकतं, येता-जाता काहीतरी घेऊनही जातं. मासे घ्यायला येतं तेव्हा घासाघीस जवळजवळ नसते. ज्या रिपीट सेलसाठी तो पेट-शॉपवाला मार्केटिंग विचारत होता, तो हाच.

"पण सर, ते शेजारच्या दुकानात जाईल!" हो, काही जातात. गेल्या वर्षी माझ्याकडून तीन गेले. त्यातला एक दोन महिन्यांनी परत आला, टेस्ट किट मागायला.

सध्या माझ्या काउंटरजवळ दोन फुटी टँक चालू आहे. आत नुसतं पाणी, वाळू आणि दगड. काचेवर रोजची चिठ्ठी लावतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "मासे कुठेत?" आज 19वा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट अजून 2च्या वर.