डेकला 'सील' कशाला?

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत लाखेचं पॉलिश चढताना लहानपणापासून बघतोय, थरावर थर. तसंच चकचकीत पॉलिश रत्नागिरीच्या मित्राला समुद्रासमोरच्या उघड्या लाकडी डेकवर हवंय! अरे, लाख पाण्याने पांढरी पडते. मग म्हणे, "जाड पीयू मारू, एकदाच सील." हे तर त्याहून वाईट. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं; सांध्यांत थर तडकतो, पाणी आत शिरतं आणि लवकर सुकत नाही. कुजणारच! त्यापेक्षा पाऊस संपल्यावर लाकूड खडखडीत वाळू दे, मग आत मुरणारं रंगीत तेल लाव, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना भरपूर. ते सोलपटत नाही, वर पुन्हा लावता येतं.

"दरवर्षी?" साहेब किंचाळले. सॉफ्टवेअरचं एएमसी मात्र मुकाट्याने भरतात.