यंत्राच्या ज्ञानाची राखण कोणी करायची?

कारखान्यातला जुना फोरमन निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर काय निघून जाते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? यंत्राचा आवाज किंचित बदलला की बिघाड कोठे आहे हे तो ओळखत असे. हे ज्ञान कोणत्याही वहीत नसते. ते नोंदवून, पारखून पुढच्यांच्या हाती देणे म्हणजे ज्ञान-व्यवस्थापन. त्यासाठी २०१८ साली 'आयएसओ ३०४०१' हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने वापरण्यासाठी २०२३ साली 'आयएसओ/आयईसी ४२००१' आले. ही दोन कामे दोन खात्यांकडे सोपवून मोकळे व्हावे, असे पुष्कळांना वाटेल. मला ते धोक्याचे वाटते.

एक जुने उदाहरण पाहा. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी 'व्हॅक्स' संगणक बनवीत असे. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे कोणते भाग कसे जोडायचे, हे जाणत्या माणसांनाच ठाऊक असे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ पासून ते ज्ञान 'असे असेल तर असे करा' अशा शेकडो नियमांत बसवले. १९८० मध्ये ही 'एक्सकॉन' प्रणाली कामाला लागली आणि उपयोगी ठरली. परंतु नवनवे भाग येत राहिले, नियम हजारोंवर गेले आणि ते सतत दुरुस्त करण्यासाठी माणसे नेमावी लागली. यंत्राला एकदा शिकवून भागत नाही, हा त्यातला धडा.

आजची यंत्रे प्रचंड मजकुरातून स्वतः शिकतात. त्यामुळे चूक नेमक्या कोणत्या नियमात आहे, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. कचेरीच्या फायलीत रद्द झालेले परिपत्रक राहिले, तर यंत्र तेच छान भाषेत सांगेल आणि आपण विश्वास ठेवू! म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख हवी, तिची काळजी घेणारा माणूस ठरलेला हवा. यंत्राचे उत्तर कोणत्या नोंदीवरून आले ते दिसले पाहिजे. आणि चूक सापडली, तर मूळ नोंदही सुधारली पाहिजे. ज्ञान सांभाळणे आणि यंत्रावर नजर ठेवणे हे असे एकच काम होते.

उद्या तुमच्यापैकी कोणी इस्पितळात, कोणी बँकेत काम करील. तेथे चूक घडली तर "संगणकाने सांगितले" हे उत्तर पुरणार नाही. ही सवय आजच लावून घ्या. प्रयोगवहीत निरीक्षणाखाली तारीख आणि आपले नाव लिहा. चूक झाली तर खाडाखोड न करता दुरुस्ती शेजारी लिहा. ज्ञानाची राखण येथूनच सुरू होते.