हौशी गळ आणि धीवराची अंगठी

होळी सरली की पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र काही आठवडे बराच शांत असतो. या दिवसांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील हौशी मंडळी अंधारातच गळाचे सामान गाडीत टाकतात, अर्नाळ्याला किंवा अलिबागकडे एखाद्या कोळ्याची होडी ठरवतात आणि खोल पाण्यात जातात. सुरमई, घोळ, तांब, हेकरू हे त्यांचे आवडते मासे. ज्यांच्या घराजवळून उल्हास वाहते त्यांना त्यासाठी इतके दूर जावे लागते, यातच आपल्या खाडीची अवस्था कळते. पण आजचा मुद्दा खाडीचा नाही. या हौसेविषयी आपण कोणत्या भाषेत बोलतो, याचा आहे.

मासा पोटासाठी धरणे आणि मौजेसाठी धरणे, यांतला भेद आपल्या साहित्यपरंपरेला फार जुना आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तोंड भरून स्तुती करतो, तिच्यासारखा विनोद नाही, असे त्याचे मत. सहाव्या अंकाच्या प्रवेशकात मात्र रोहित माशाच्या पोटात राजमुद्रेची अंगठी सापडलेला धीवर चोर म्हणून बांधून आणला जातो आणि त्याच्या धंद्याची टिंगल होते. तो जन्मप्राप्त कर्माचे समर्थन करतो, सुटतो, बक्षीस मिळवतो आणि त्यातला अर्धा वाटा शिपायांनाच देऊ करतो. राजाची शिकार ती क्रीडा, धीवराची ती हिंसा! कालिदासाने हा विरोध एकाच नाटकात ठेवला आहे. आपण वर्गात तो प्रवेश बहुधा विनोदी म्हणून उरकतो.

आधुनिक काळात या विरोधाला सर्वांत प्रामाणिक उत्तर एका हौशी माणसानेच दिले. हेमिंग्वे क्यूबाच्या समुद्रात मार्लिन धरायला जाई तो निव्वळ छंद म्हणून. १९३६ साली त्याने एका मासिकातील लेखात एका वृद्ध कोळ्याची हकिकत सांगितली. तिच्यातूनच पुढे १९५२ ची कादंबरी झाली, जी आपण पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादातून ओळखतो. त्या शीर्षकात जाळे विणणारा कोळीही डोकावतो, ही खास मराठी कमाई. लेखक स्वतः होडीचा मालक, कथेचा नायक मात्र सांतियागो. मे महिन्यात कोणीही कोळी होऊ शकतो, असे या सांतियागोचे मत आहे. आपल्या चैत्र-वैशाखातल्या हौशी मंडळींनी ते मनावर घ्यावे. कादंबरीच्या शेवटी मार्लिनचा सांगाडा पाहून तो शार्कचा समजणारे पर्यटकही येतात. हौशी माणूस लेखक होऊ शकतो, तसा तो पर्यटकही राहू शकतो.

आपल्याकडील हौशी मासेमारीच्या हकिकती बहुतांशी पर्यटकाच्या आहेत, असे मला वाटते. त्यांत माशाचे वजन असते, गळाची किंमत असते, छायाचित्र असते. भांगाचे पाणी कोणते, उधाणाचे कोणते, पाण्याखाली खडप कुठे आहे, हे ज्याला ठाऊक असते तो तांडेल मात्र छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहतो. मासा ‘मी’ धरला, असेच लिहिले जाते. धीवराची अंगठी पुन्हा एकदा राजाच्या बोटात जाते.

यावर कोणी म्हणेल, आम्ही मासा परत सोडतो, मग आक्षेप कशाला? सोडणे चांगलेच, पण तेवढ्याने जबाबदारी संपत नाही. हेकरूसारखा मासा खोलातून वेगाने वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावरही तो जगेलच असे नसते. पावसाच्या तोंडावर अनेक जातींच्या माद्या गाभोळीने भरू लागतात. प्रजननाच्या काळात मासे वाचावेत म्हणूनच १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पोट ज्याचे समुद्रावर तो एकसष्ट दिवस होडी ओढून ठेवतो. हौस ज्याची आहे त्याने आधीच्या महिन्यात स्वतःहून थोडा आवर घालायला हरकत नसावी.

या हौसेवर बंदी यावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट ती वाढावी आणि तिच्यातून लेखन यावे. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यामुळे मराठी ललित गद्याला रान मिळाले; माडगूळकर तर आधी शिकारीच होते. समुद्राला असा सवडीने पाहणारा गद्यलेखक अजून फारसा लाभलेला नाही. कोळीवाड्याने त्याला शब्द केव्हाच देऊन ठेवले आहेत आणि कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असे सुटसुटीत क्रियापदही आहे. त्या गद्यलेखकाने एवढेच करावे, की माशाचे नाव मराठीत लिहावे, निसटलेल्या माशाचीही नोंद ठेवावी आणि होडी कोणाची होती ते पहिल्याच परिच्छेदात सांगावे.