उद्याच्या उपनगरात आजचे घर

घरखरेदी हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. शहराच्या मध्यभागातील भाव आवाक्याबाहेर गेले की पावले साहजिकच विकसित होणाऱ्या उपनगराकडे वळतात. अशा ठिकाणी विक्रेता केवळ भिंती विकत नाही. उद्या होणारा पूल, उद्या धावणारी गाडी आणि उद्याची शाळाही तो त्याच भावात विकत असतो. ‘उद्या’ केव्हा उजाडेल हे त्याच्या हाती नसते. ग्राहकाने चुकवायची किंमत मात्र आजची असते.

नवी मुंबईतील उलवे हे याचे बोलके उदाहरण. सिडकोने वसविलेल्या या उपनगराला खारकोपरपर्यंतची लोहमार्गाची सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये मिळाली. शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोहोचली. शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेरीस प्रवासी उड्डाणे सुरू झाली. म्हणजे आश्वासने खोटी ठरली नाहीत. परंतु विमानतळाला केंद्राची मंजुरी मिळाली होती २००७ मध्ये! त्या वर्षी जन्मलेले बालक पहिले विमान उडेपर्यंत अठरा वर्षांचे झाले. गृहकर्जाची मुदत सामान्यतः वीस वर्षांची असते. ‘येणार आहे’ आणि ‘आले’ या दोन शब्दांमधील अंतर कधीकधी जवळजवळ संपूर्ण कर्जाएवढे असते, हे ध्यानात ठेवावे.

सुविधा आली तरी ती आपल्या कुटुंबाच्या उपयोगाची आहे काय, हा पुढचा प्रश्न. अटल सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही. मोटारीसाठी सुरुवातीस ठरविलेला पथकर एकेरी २५० रुपये व जाऊन-येऊन ३७५ रुपये असा होता. या दराने महिन्यात चोवीस दिवस जा-ये करणाऱ्यास केवळ पथकरापोटी नऊ हजार रुपये लागतील, इंधन वेगळे. ज्यांची नोकरी दक्षिण मुंबईत आहे आणि वाहन दुचाकी आहे, त्यांच्यासाठी तो भव्य सेतू खिडकीतून पाहण्यापुरताच उरतो. त्यांनी लोकलचे वेळापत्रक पाहावे, विशेषतः रात्री परतताना दोन गाड्यांमध्ये किती अंतर आहे ते. विमानतळाच्या सान्निध्यात घर घेणाऱ्याने विमानांचा आवाज त्या खोल्यांत कितपत येतो, हेही दिवसा आणि रात्री जाऊन ऐकावे.

आता हिशेब. सत्तर लाखांच्या घरासाठी पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये होतो. मुदतीअखेर परतफेड एक कोटी चार लाखांच्या घरात जाते. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच अधिक. दर एक टक्क्याने वाढला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे ४६,६०० रुपये होतो. उरलेले वीस लाख स्वतःचे घालावे लागतात. त्याशिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि (परवडणाऱ्या घरांच्या वर्गात न बसणारे घर बांधकामाधीन असल्यास) पाच टक्के जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर नाही. बांधकामाधीन घर स्वस्त वाटते. पण ताबा मिळेपर्यंत उचललेल्या कर्जाचे व्याज आणि राहत्या जागेचे भाडे असा दुहेरी भार सोसावा लागतो. ताबा एक वर्ष लांबला तर हा भार मुलांच्या शिक्षणाच्या आणि आजारपणाच्या शिलकीस हात न लावता पेलेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर तयार घर थोडे लहान घेणे शहाणपणाचे.

कायद्याने ग्राहकाला काही संरक्षण दिले आहे. रेरा कायद्यान्वये विक्रीकरार नोंदविल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबल्यास ग्राहकाला व्याज मागता येते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, पूर्णत्वाची तारीख आणि ती पूर्वी वाढविली आहे काय, हे पाहता येते. सिडकोचे भूखंड प्रामुख्याने भाडेपट्ट्याने दिलेले असल्याने पट्ट्याच्या आणि हस्तांतरणाच्या अटी वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

तथापि कागद निर्दोष असला म्हणजे निर्णय योग्य ठरतोच असे नाही. ते घर कोणासाठी घेतले जात आहे? कमावता मुलगा आणि सून सकाळी बाहेर पडून रात्री परततात; दिवसभर त्या घरात राहतात ते वृद्ध आई-वडील. त्यांना चालत जाता येईल असे मंदिर, औषधांचे दुकान, बसायला बाग आणि बोलायला चार माणसे आहेत काय? खरेदीच्या चर्चेत बहुधा त्यांनाच कोणी विचारत नाही, आणि पुष्कळदा त्यांच्याच निवृत्तीच्या पुंजीतून पहिली रक्कम उभी राहते.

यावर एक साधा उपाय आहे. शक्य असल्यास प्रथम त्याच उपनगरात अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याचे घर घ्यावे आणि त्या मुदतीत एक पावसाळा येईल असे पाहावे. पाणी किती वेळ येते, रस्ते कोठे तुंबतात, मुलांची शाळा किती दूर पडते, हे माहितीपत्रकात नसते. तोवर भाव वाढतील ही भीती अगदीच निराधार नाही; पण वीस वर्षांच्या बंधनापुढे अकरा महिने फार नाहीत. मुले शाळेत रुळलेली असल्यामुळे हे जमणार नसेल, तर निदान निरनिराळ्या वेळी आणि पावसात, आई-वडिलांना सोबत घेऊन, चार-पाच फेऱ्या माराव्यात.

त्यानंतर कुटुंबाने एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा: यापुढे येथे काहीही नवे आले नाही, तरी आपण दहा वर्षे आनंदाने राहू काय? सर्वांचे उत्तर होकारार्थी असेल, तर खुशाल घर घ्यावे. पुढे जे येईल तो लाभ. उत्तर येणाऱ्या रस्त्यावर किंवा मेट्रोवर अवलंबून असेल, तर ते राहते घर नव्हे, गुंतवणूक आहे. आणि गुंतवणुकीसाठी आई-वडिलांची आयुष्याची पुंजी पणाला लावू नये.