बिलावरची एक ओळ

दिवाळी तोंडावर आली की नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत कन्सोलच्या चौकशा वाढतात. मुलाला घेऊन आलेले वडील विचारतात, "डिस्कवाला घेऊ की बिनडिस्कचा?" आणि आपल्यातले बहुतेक जण किमतीतला फरक सांगून मोकळे होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचा ३९,९९० रुपयांना होता. दहा हजार वाचतात हे सांगायला कुणी शिकवावे लागत नाही. पण ते दहा हजार कशाच्या बदल्यात वाचतात, हे गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगणारा माणूस बाजारात आपल्याशिवाय दुसरा नाही.

हिशेब साधा आहे. सोनीच्या मोठ्या गेमची नवी डिस्क ४,९९९ रुपयांना आली. मुलगा महिन्या-दीड महिन्यात गेम संपवतो, डिस्क काउंटरवर परत आणतो, तिला भाव मिळतो. अशा पाच डिस्कांवर प्रत्येकी दोन हजार परत आले तरी कन्सोलमधला फरक फिटला, पुढचे सगळे गिऱ्हाइकाच्या पदरात. तोच गेम डाउनलोड केला तर तो विकता येत नाही, मावसभावाला चार दिवस देता येत नाही, आणि दुकान एकच उरते, ते म्हणजे कंपनीचे. तिने सेल लावला तर स्वस्त, नाही तर लावला तो भाव. यात आपला स्वार्थ आहे हे उघड आहे. सेकंडहँड डिस्कांवर आपल्यातल्या अनेकांचे दुकान चालते. पण स्वार्थ आहे म्हणून हिशेब खोटा ठरत नाही.

आता मालकीचे बघू. या बाबतीत आपला कायदा दोन तोंडांनी बोलतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माध्यमावर उतरवून विकलेले तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकरासाठी 'वस्तू'च आहे. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या खटल्यात त्याच न्यायालयाने प्राप्तिकराच्या प्रश्नावर म्हटले की सॉफ्टवेअरची प्रत घेणारा कॉपीराइट विकत घेत नाही, त्याने मोजलेली रक्कम ही त्या प्रतीची किंमत असते. म्हणजे कर भरायची वेळ आली की ती किंमत ठरते. मात्र तीच प्रत इंटरनेटवरून उतरवली की जीएसटीच्या हिशेबात ती सेवा होते. आणि कंपनीच्या अटींमध्ये, ज्या कुणीच वाचत नाही, लिहिलेले असते की तुम्हाला फक्त वापरण्याचा परवाना दिला आहे. पडद्यावरच्या बटणावर मात्र 'खरेदी करा' असेच असते.

या बटणाला पहिल्यांदा नीट चाप लावला तो कॅलिफोर्नियाने. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये कायद्यावर सही झाली आणि २०२५ पासून तो लागू झाला. विक्रेत्याला डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणायचे असेल तर हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. संगणकावरच्या स्टीम या दुकानाने कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. आपल्याकडे असा थेट नियम नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, जिल्हा आयोग आहे, राहत्या गावी तक्रार करण्याची सोय आहे, नोव्हेंबर २०२३ मधली फसव्या मांडणीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पण गेमच्या डाउनलोडवर काय छापायचे, हे कुणी सांगितलेले नाही. (ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांपुरती आहे. 'गेमवर बंदी आली का हो?' असे विचारणाऱ्या पालकांना तेवढे शांतपणे सांगा.)

परवाना काढून घेतला जातो म्हणजे काय, याचे ताजे उदाहरण 'द क्रू'चे. युबिसॉफ्टच्या या मोटारशर्यतीचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हर लागत होता, त्यामुळे डिस्क असलेल्यांच्या हातातही नुसती तबकडी उरली. त्यानंतर अनेकांच्या खात्यातून परवानाही काढून घेतला गेला. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली आणि युरोपात तिच्या अर्जावरच्या सह्या जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेल्या. दुकाने बंद होण्याची यादी तर वाढतेच आहे. निन्टेन्डोचे थ्रीडीएस आणि वी यू यांचे दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झाले, एक्सबॉक्स ३६० चे २९ जुलै २०२४ ला. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाचे दुकान बंद करण्याची घोषणा केली होती. ओरड झाली, तेव्हा महिन्याच्या आत माघार घेतली. आरडाओरड केली तर ऐकले जाते, एवढा यातला दिलासा.

तरी डिस्क म्हणजे सगळे आले, असे गिऱ्हाइकाला सांगू नका. सोनीचाच 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, पण डिस्क निरुपयोगी झाली. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या डिस्कवर जेमतेम सत्तर एमबी होते, बाकी सगळे डाउनलोड. निन्टेन्डो स्विच २ च्या 'गेम-की कार्ड'मध्ये गेम नसतोच. कार्ड म्हणजे फक्त किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. ते कार्ड पुढे विकता येते एवढे बरे, पण दुकान बंद झाल्यावर किल्ली कुठे लावायची? निन्टेन्डो भारतात स्वतः विक्री करत नाही, तरी बाहेरून आलेले स्विच आपल्या काउंटरवर येतातच. डब्यावरची ती बारीक सूचना गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. नव्या बारीक प्लेस्टेशन ५ ला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडता येतो. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतेच. वाडी-वस्तीवरच्या गिऱ्हाइकाला ड्राइव्ह विकला असेल तर जोडणी दुकानातच करून द्यावी.

दुरुस्तीवाल्यांसाठी एक जुनी गोष्ट, कारण तसे कन्सोल अजून टेबलावर येतात. प्लेस्टेशन ४ च्या बोर्डावर वेळ राखणारा साधा नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो संपला आणि नेट नसले तर कन्सोलला वेळेची खात्री पटत नसे, आणि मग डिस्कवरचा गेमसुद्धा उघडत नसे. घोळ ट्रॉफींच्या तारखेचा होता. सोनीने सप्टेंबर २०२१ मध्ये ९.०० या अपडेटमध्ये तो काढला. ज्या कन्सोलला ते अपडेट मिळालेले नाही, त्याची डिस्क खराब म्हणून परत देऊ नका. आधी सेल पाहा, मग व्हर्जन. चोवीस तासांतून एकदा नेट लावलेच पाहिजे ही अट मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसाठी जाहीर केली होती आणि काही दिवसांतच, १९ जूनला, मागे घेतली. अट गेली, पण नेटवरचे अवलंबून राहणे वेगवेगळ्या दारांनी आत आले.

सेव्हचा प्रश्न मात्र मालकीहून जास्त दुखणारा आहे, आणि आपल्याकडे सर्वांत कमी बोलला जाणारा. गेम पुन्हा विकत घेता येतो, दोनशे तासांचा सेव्ह नाही. प्लेस्टेशन ४ वर सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येत होता. प्लेस्टेशन ५ च्या गेमचा सेव्ह सुटा काढून पेनड्राइव्हवर घेता येत नाही. तो कन्सोलमध्ये असतो, किंवा प्लेस्टेशन प्लसची वर्गणी असेल तर क्लाउडवर. वर्गणी संपली की सोनी तो सहा महिने ठेवते, नंतर तो पुसला जाऊ शकतो. एक्सबॉक्सवर हेच काम फुकट आणि आपोआप होते. दोन्ही विकणाऱ्या दुकानदाराने हा फरक सांगितलाच पाहिजे.

यात आपल्याकडे आणखी एक पेच आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मंजुरी न नोंदवता कार्डावरून आपोआप पैसे कापले जात नाहीत. नियम गिऱ्हाइकाच्या भल्याचाच आहे. पण वर्गणी चालूच आहे अशा समजुतीत असलेल्या घरात ती केव्हाच थांबलेली असते. मुलगा बारावीसाठी कन्सोल बांधून माळ्यावर टाकतो, पुढे पुण्याला कॉलेजला जातो, वर्षाने कन्सोल तिकडे नेतो, आणि तोवर क्लाउडवरच्या सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेली असते. कन्सोल शाबूत असला तर निभावते. मधे कुणी 'हँग होतोय' म्हणून तो आपल्याकडे आणला आणि आपण फॅक्टरी रिसेट मारला, की संपले. म्हणून रिसेटआधी विचारा: वर्गणी चालू आहे का, शेवटचा सेव्ह क्लाउडवर कधी गेला? उत्तर जॉबकार्डावर लिहून खाली सही घ्या. वर्गणी नसेल तर एक महिन्याची घ्यायला लावा, सेव्ह वर चढवा, मग हात लावा.

आता ज्या विषयावर आपल्यातल्या काहींना राग येईल तो. 'आयडी'चा धंदा. एका खात्यावर गेम घ्यायचा, 'प्रायमरी' एकाला विकायची, 'सेकंडरी' दुसऱ्याला, आणि पाच हजारांचा गेम दीड-दोन हजारांत दिला म्हणून मिरवायचे. हे सगळीकडे चालते, सोलापूर अपवाद नाही. कंपनीच्या अटींत हे बसत नाही ही एक गोष्ट. पण त्याहून मोठी ही की विकत घेणाऱ्याच्या हाती काहीच नसते. खाते दुसऱ्याचे, पासवर्ड दुसऱ्याचा, आणि मूळ मालकाने किंवा कंपनीने ठरवले त्या दिवशी गेम बंद. ८ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, प्लेस्टेशनचे जाळे जगभर जवळजवळ पूर्ण दिवस बंद होते. ज्यांच्याकडे डिस्क होती किंवा स्वतःचे खाते मुख्य कन्सोलवर नोंदवलेले होते, ते एकट्याने खेळायचे गेम खेळत राहिले. 'सेकंडरी'वाल्यांचे कुलूप उघडले नाही. गेमिंग पार्लरवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण शनिवार-रविवारच्या गल्ल्यावरच त्यांचे भाडे निघते. आमचे मत स्पष्ट आहे: जो माल उद्या टिकेल याची हमी आपण देऊ शकत नाही, तो 'गेम' म्हणून विकू नये. विकायचाच असेल तर भाडे म्हणून विका, मुदत लिहून विका. आणि भाड्याचे म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये सॉफ्टवेअर व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क वेगळा सांगितला आहे आणि तो निर्मात्याकडे आहे, हेही डोक्यात असू द्या. कुलूप तोडून 'मॉड' करून देणाऱ्यांसाठी २०१२ पासून कलम ६५ अ आहे. हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या अशा कामाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

जुना कन्सोल विकत घेतानाही आता डोळे उघडे ठेवावे लागतील. स्विच २ मध्ये नकली कार्ट्रिज लावलेल्या कन्सोलना निन्टेन्डोने जून २०२५ पासून ऑनलाइन सेवेतून बाद केले. बंदी कन्सोलवर असते, माणसावर नाही. म्हणजे ज्याने उद्योग केला तो सुटतो आणि ज्याने स्वस्तात कन्सोल घेतला तो अडकतो. व्यवहाराआधी दुकानाच्या वायफायवर कन्सोल जोडून पाहा, निन्टेन्डोचे ऑनलाइन दुकान उघडते का बघा, जुन्या मालकाचे खाते त्याच्यासमोर काढा. दहा मिनिटे जातील, पण पैसे देण्याआधी कळेल.

म्हणून या अंकातून एकच मागणे. यंदाच्या दिवाळीपासून प्रत्येक बिलावर एक शिक्का मारा. डिस्क असेल तर 'डिस्क: पुनर्विक्री करता येते, पूर्ण गेमसाठी डाउनलोड लागते / लागत नाही'. कोड किंवा डाउनलोड असेल तर 'वापराचा परवाना: पुनर्विक्री नाही, कंपनी सेवा बंद करू शकते'. बिनडिस्कचा कन्सोल असेल तर 'डिस्क चालत नाही'. गिऱ्हाईक वाचून थबकेल, दोन प्रश्न विचारेल, क्वचित विक्रीही जाईल. जाऊ दे. वर्षभराने तेच गिऱ्हाईक वकिलाची नोटीस घेऊन येण्यापेक्षा ते बरे. शिक्का नवी पेठेत दिवसभरात करून मिळतो. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीतल्या वाचकांनी आपापल्या शिक्क्याचा मजकूर आम्हाला पाठवावा. त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत स्पष्ट मजकूर पुढच्या अंकात छापू, म्हणजे सगळ्यांना तोच वापरता येईल.