मॉलमधला थंडावा

मनिलात सप्टेंबर लागला की मॉलमध्ये नाताळची गाणी वाजू लागतात. १९७५च्या हुकुमानुसार प्रत्येक मालकाला २४ डिसेंबरच्या आत कामगारांना तेरावा पगार द्यावाच लागतो. तो हातात पडेपर्यंत रस्ते इतके तुंबतात की सणाच्या दिवसांत मॉल सकाळी अकराला उघडावेत, असे प्रशासनालाच ठरवावे लागते. हे पाहून ‘फिलिपिनो माणूस उधळ्या’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे तपासले की दोष गिऱ्हाइकाच्या स्वभावात कमी आणि शहराच्या रचनेत जास्त सापडतो.

मनिलातला पहिला महाकाय मॉल, एसएम नॉर्थ एड्सा, १९८५ साली उघडला. हेन्री सी या व्यापाऱ्याने १९५८मध्ये सुरू केलेल्या चपलाबुटांच्या दुकानाचा तो विस्तार. मॉल उघडला त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था सुमारे सात टक्क्यांनी आक्रसली होती. अशा काळात उघडलेला मॉल तरला आणि त्याला अनेक भावंडेही झाली. याचे एक मोठे कारण देशाबाहेर होते. १९७४च्या कामगार कायद्यापासून सरकारने माणसे परदेशी पाठवण्याची रीतसर व्यवस्था लावली होती. २०२३मध्ये या माणसांनी बँकांमार्फत घरी धाडलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. मनीऑर्डरवर चालणारे कोकण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फिलिपिन्सच्या मध्यवर्ती बँकेच्या पाहण्यांत या पैशाचा पहिला वाटा अन्नाचा निघतो आणि शिक्षण व औषधपाणीही वरच्या क्रमांकांत असते. म्हणजे मॉलच्या पिशवीत बऱ्याचदा तांदूळ आणि शाळेचे बूट असतात.

मग एवढी माणसे मॉलमध्ये दिवसभर करतात काय? तिथे पासपोर्ट काढतात, परदेशातून आलेले पैसे घेतात, विजेचे बिल भरतात आणि रविवारी मिस्सा ऐकतात. सव्वा कोटीहून अधिक वस्तीच्या या महानगरात सलग पदपथ दुर्मीळ, बागा तुटपुंज्या, वर ऊन आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी. मॉलच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सरकारने जे केले नाही ते खासगी मालकाने केले आणि तेही प्रवेशमूल्य न घेता. युक्तिवाद खरा आहे, पण अर्धाच. बागेत बसणे हा नागरिकाचा हक्क असतो, तर मॉलच्या बाकावर बसणे ही मालकाची मेहेरबानी. कोणाला आत घ्यायचे हे दारावरचा रखवालदार ठरवतो, आणि आत फलक घेऊन कोणी उभा राहिला तर त्याला बाहेर काढले जाते. शिवाय सरकारी कचेरीच मॉलमध्ये हलली की बाहेर रस्त्यावर सोयी नसल्याचा जाब विचारणाराही उरत नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. मॉल हजारोंना काम देतात, हे मान्य. मात्र सहा महिने भरले की कामगाराला कायम करावे लागते, म्हणून पाचव्या महिन्यातच करार संपवण्याची प्रथा तिथे रुजली. तिला लोक ‘एंडो’ म्हणतात. तिला आवर घालणारे विधेयक संसदेने संमत केले, पण २०१९मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ते नाकारले. त्यामुळे आईने परदेशात राबून पाठवलेला पैसा ज्या गल्ल्यात पडतो, त्या गल्ल्यावर बसलेल्या मुलीला पाच महिन्यांपलीकडचा भरवसा मिळत नाही. तो शोधायला तीही परदेशी जायचे ठरवते, आणि त्यासाठी लागणारा पासपोर्टही मॉलमध्येच मिळतो. तिच्या आईच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या या शहराने तिला घरी राहण्याजोगे काही दिले का, हा प्रश्न तिच्या हातातल्या पिशवीपेक्षा मोठा आहे.