स्टिअरिंग कुरकुरते तेव्हा

मैत्रिणींनो, शिलाई मशीनचा आवाज जरा बदलला की तेल हवे आहे की दोरा अडकला आहे, हे आपण न बघता सांगतो. मग गाडीपाशी आल्यावरच "मला बाई त्यातलं काही कळत नाही" असे का म्हणायचे? बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या पट्ट्यात पावसाळ्यातले खड्डे आणि पावलोपावली गतिरोधक. वळताना गाडी कुरकुरू लागली तर नवल नाही. मात्र यातले काही आवाज महिनाभर चालतात, तर काही घेऊन एक दिवसही गाडी चालवू नये. तो फरक कानाने ओळखायचा.

आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. आवाज गाडी उभी असताना येतो की चालताना? एकाच बाजूला वळताना की दोन्हीकडे? खड्ड्यात की सपाट रस्त्यावरही? एवढे सांगितले की मेकॅनिकचे अर्धे काम झाले.

आता आवाज ओळखू या.

घूंऽऽ असा आवाज, उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवल्यावर: १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिला पॉवर स्टिअरिंग नव्हते, सगळी ताकद आपल्या दंडांची. पुढे तेलावर चालणारे पॉवर स्टिअरिंग आले. तुमच्या गाडीत ते असेल, तर बॉनेट उघडून त्याच्या डबीतले तेल खुणेपर्यंत आहे का पाहा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतली रबरी सिले खराब होतात. तेल वारंवार कमी होत असेल तर गळती शोधायला हवी. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत विजेची मोटर असते, तेल नसतेच. तिची हलकी गुणगुण नेहमीचीच. पण स्टिअरिंग जड झाले आणि समोर त्याचा दिवा लागला, तर आधी बॅटरी तपासून घ्या.

चीं असा आवाज, सकाळी किंवा पावसात: तेलाच्या स्टिअरिंगचा पट्टा ढिला किंवा जुना झालेला असतो. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर वळताना मात्र टायरच किंचाळतात, तो दोष नव्हे.

कट्-कट्-कट् असा आवाज, पूर्ण वळण घेत चालताना: हा चाकाजवळचा सीव्ही जॉइंट. त्यावर रबरी टोपण असते, गॅरेजमध्ये त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते आणि चिखलपाणी आत जाते. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस दिसले तर लगेच दाखवा. वेळेत कळले तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागते, उशीर झाला की जॉइंटच जातो.

खट्-खट्, खड्ड्यात: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड यांपैकी काहीतरी ढिले असते. लिंक रॉडचा आवाज त्रासदायक, पण त्यामानाने निरुपद्रवी. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निखळला तर चाकावर आपला ताबाच राहत नाही. म्हणून खटखटीबरोबर स्टिअरिंग सैल वाटले, थरथरले किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर मुलांना शाळेत सोडायलासुद्धा ती काढू नका. सपाट जागी, हँडब्रेक लावून, घरातल्या कुणाला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही चाकाशेजारी उभ्या राहून ऐका. पण जॅक लावून गाडीखाली शिरायचे धाडस नको, बरं का!

खरखर, स्टिअरिंगच्या आतून: त्यासोबत हॉर्न वाजेनासा झाला किंवा एअरबॅगचा दिवा लागला, तर घरी काही उघडू नका. एअरबॅग जाणकारानेच हाताळावी.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे उल्हास नदीचा पूर. २६ जुलै २००५ आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली तो पूर, दोन्ही आपल्या लक्षात आहेत. गाडी पाण्यात बुडाली असेल तर ती सुरू न करता गॅरेजला ओढून न्या. फाटक्या बुटातून शिरलेले पाणी आतला भाग गंजवते आणि आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो. तोवर पूर आपण विसरलेलो असतो.

शेवटी गॅरेजविषयी. आमच्या गाडीच्या खटखटीवर एका ठिकाणी "मॅडम, पूर्ण रॅक बदलावा लागेल" असे सांगितले, म्हणजे हजारोंचा खर्च. मी म्हटले, "दादा, कुठे ढिले आहे ते हलवून दाखवा." ते दाखवता येईना. दुसरीकडे गाडी वर उचलून मला दाखवली तेव्हा निघाला साधा लिंक रॉड! तेव्हा ढिला भाग डोळ्यांनी पाहा, जुना सुटा भाग परत मागा, पक्की पावती घ्या. टाय रॉड एंड बदलला तर अलाइनमेंट करायलाच हवी, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात. भाजी घेताना आपण जुडी उलटीसुलटी करून बघतोच ना? मग इथे संकोच कशाला!